खिडकीचं भाडं

जी चीज फुकट आहे ती दुकानात का मिळत नाही?

मंगळवार पेठेपासून राजारामपुरीपर्यंत संगणकाच्या कुठल्याही दुकानात जा आणि म्हणा, लॅपटॉप पाहिजे, पण विंडोज नको, लिनक्स घालून द्या. दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडं बघंल, मग पायातल्या चपलांकडं. मग म्हणंल, "भावा, ते नको. घिऊन जाशील आणि चार दिसांनी माघारी येशील." झालं. विषय संपला. आपण विंडोजवालं मशीन उचलतो, वर्षभर हप्ते फेडतो आणि चारचौघांत सांगतो, आम्ही निवडून घेतलं.

डोंबलाचं निवडलं! निवड तुम्ही दुकानाची पायरी चढायच्या कितीतरी आधी झालेली असते. ती कारखान्यात झालेली असते, कंपन्यांच्या करारनाम्यात झालेली असते आणि मंत्रालयातल्या खरेदीच्या टेबलावर झालेली असते. तुमच्या वाट्याला फक्त रंग येतो. काळा की चंदेरी.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनचं बटण दाबलं की जी सगळ्यात आधी उठते आणि बाकीच्यांना कामाला लावते ती. विंडोज ही मायक्रोसॉफ्टची. तिच्या पोटात काय आहे ते बघायची तुम्हाला मनाई. लिनक्सचं उलटं. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन माणसानं जाहीर केलं की अशी यंत्रणा बांधायची, जी कुणीही उघडून वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या कॉलेजच्या पोरानं तिचा गाभा लिहिला. पुढं जगभरच्या हजारो लोकांनी भर घातली. पैसे न देता मिळते, पण खरी गोष्ट ती नव्हे. खरी गोष्ट अशी की ती मुक्त आहे. आपल्या मराठीचं एक बरं आहे, तिच्यात फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळं ते बिचारे चाळीस वर्षं समजावून सांगतायत.

आता कुणी म्हणेल, फुकटची आहे म्हणून हलकी असेल. हे ऐकून घेऊ नका. जगातल्या सगळ्यात ताकदवान पाचशे महासंगणकांची यादी निघते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या पाचशेच्या पाचशे मशीनवर लिनक्स आहे. तेही सोडा. तुमच्या खिशात जो अँड्रॉइडचा फोन आहे त्याचा गाभा लिनक्सचाच. खासबागेच्या कट्ट्यावर फुटबॉलचे व्हिडिओ बघत बसलेलं पोरगं दिवसभर लिनक्सच वापरत असतं, त्याला कुणी चार दिवसांनी माघारी या म्हणत नाही.

मग फोनमध्ये चालतं ते लॅपटॉपमध्ये का नाही? कारण फोनमध्ये ते गूगलनं घातलं. गूगलकडं पैसा आहे, वकील आहेत, कारखानदाराला बसवून करार करायची ताकद आहे. म्हणजे बघा, माल चांगला की वाईट हा सवालच नाही. कारखान्याच्या दारात तुमच्या बाजूनं कोण उभा आहे, हा सवाल आहे. लॅपटॉपच्या कारखान्याच्या दारात लिनक्सच्या बाजूनं क्वचितच कोण उभं राहिलं. आणि उभं राहिलेल्याला आत घेऊ नये याचा बंदोबस्त फार आधीच झालेला होता.

हा बंदोबस्त कसा झाला ते नीट समजून घेतलं पाहिजे. नाहीतर आपण उगाच 'भांडवलशाही, भांडवलशाही' ओरडत बसू आणि समोरचा हसेल. १९९० च्या आसपास मायक्रोसॉफ्ट कारखानदारांशी असा करार करायची की, तुम्ही जितकी मशीनं बाहेर काढाल तितक्या मशीनमागं आम्हाला पैसे द्यायचे. त्या मशीनवर आमची सिस्टीम घातलीय की नाही, याच्याशी देणंघेणं नाही. म्हणजे कारखानदारानं दुसऱ्याची सिस्टीम घातली तर त्याला दोघांचे पैसे मोजावे लागणार. कोण मोजेल? ही वतनदारीच झाली की! शेत कुणी का कसेना, खळ्यावरचा वाटा वाड्यावर पोचला पाहिजे. अमेरिकन सरकारनं खटला भरला तेव्हा १९९४ साली हे कलम सोडायचं मायक्रोसॉफ्टनं कबूल केलं. पण तोवर घोडं गंगेत न्हालं होतं. बाजार तयार झाला होता, सवय लागली होती.

बीओएस नावाची आणखी एक सिस्टीम होती. ती ओपन सोर्स नव्हती, पण तिची कथा आपल्या कामाची आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिच्या मालकांनी कारखानदारांना सांगितलं, फुकट घ्या, फक्त विंडोजच्या शेजारी ठेवा, मशीन सुरू करताना गिऱ्हाइकाला दोन्ही नावं दिसू द्या. हिताचीनं घेतली. पण गिऱ्हाइकानं बटण दाबलं की नाव एकच दिसायचं, विंडोजचं. दुसरी सिस्टीम त्याच मशीनच्या पोटात, पण लपवलेली. बीच्या मालकांचं म्हणणं होतं की, सुरुवातीच्या पडद्याला हात लावायची मुभा मायक्रोसॉफ्टचा करार कारखानदाराला देत नाही. २००१ मध्ये कंपनी विकली गेली. २००२ मध्ये त्यांनी दावा लावला आणि २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं चूक कबूल न करता सव्वादोन कोटींहून जास्त डॉलर देऊन तो मिटवला. मेलेल्या माणसाच्या घरी नुकसानभरपाई पोचली, एवढंच.

वाड्यात राहू द्यायचं पण ओसरीवर दिसायचं नाही. ही रीत आपल्याला नवी आहे का?

महाडचं चवदार तळं आठवा. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं! आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन ओंजळ भरायला गेले, तोवर आपल्या एकाची तिथं पाणी प्यायची टाप नव्हती. हायकोर्टाचा निकाल लागायला तर १९३७ उजाडलं. मी एका डब्याची बरोबरी त्या पाण्याशी करत नाही. ज्यांची डोकी त्या दिवशी महाडात फुटली त्यांचा तो अपमान होईल. मी एवढंच म्हणतो की 'खुलं आहे' आणि 'मिळतं' यांच्यात किती अंतर असतं ते आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही. आपण ते अंतर पायानं मोजलेलं आहे.

म्हणून मला लिनक्सच्या सवर्ण भगतांचाही राग येतो. पुण्यातल्या आयटीवाल्या पोरांना विचारा. म्हणतील, "अरे, फ्री आहे, डाउनलोड कर, टाक, शिक." वा रे वा! डाउनलोड करायला दुसरं मशीन पाहिजे, नेट पाहिजे. अडलं तर इंग्रजीत विचारता आलं पाहिजे. आणि विचारलं तर वर ऐकून घ्यायचं, 'आधी वाचून ये'. ज्याच्या घरी एकच मशीन आहे, तेही भावंडांत वाटून, त्यानं ते उघडून प्रयोग करायचे आणि बंद पडलं तर बापाला काय सांगायचं? दार उघडं ठेवून आतनं 'ये की' म्हणणं सोपं असतं. उंबरठा किती उंच आहे ते बाहेरच्याला कळतं. आयतं घालून येणं याला महत्त्व आहे ते ह्यासाठी. शंभरातले नव्वद लोक मशीनवर जे येतं तेच आयुष्यभर वापरतात, आणि त्यात त्यांचा काही गुन्हा नाही.

एकदा मात्र बाजी पलटायची वेळ आली होती. २००७ साली तैवानच्या असूस कंपनीनं ईई पीसी नावाचा सात इंची छोटा लॅपटॉप काढला. स्वस्त. आणि वर लिनक्स. कारण मायक्रोसॉफ्टची त्या वेळची नवी व्हिस्टा एवढ्या लहान जिवाला झेपणारी नव्हती. लोकांच्या उड्या पडल्या. मग काय झालं? मायक्रोसॉफ्ट २००८ च्या जूनला जुनी एक्सपी विकायची बंद करणार होती. तिनं खास ह्या स्वस्त मशीनांसाठी एक्सपीचं आयुष्य २०१० पर्यंत वाढवलं. बघता बघता त्या छोट्या मशीनांवरही विंडोज येऊन बसली. एमएसआय कंपनीच्या अधिकाऱ्यानं २००८ मध्ये सांगितलं होतं की त्यांची लिनक्सवाली मशीनं विंडोजवाल्यांच्या चौपट माघारी येतात. ही गोष्ट मी लपवणार नाही. आपल्या दुकानदाराचं "माघारी येशील" हे अगदीच हवेतलं नाही. पण ती का आली? गिऱ्हाइकाला कुणी सांगितलंच नव्हतं की हे काय आहे. त्यानं विंडोज समजून घेतलं, घरी गेल्यावर ओळखीचं काही दिसेना, माघारी दिलं. शिकवायचं कुणी? त्यात कुणाला कमाई नव्हती.

कमाईचं बोलूच. लोक म्हणतात, लिनक्सवाला लॅपटॉप स्वस्त असायला पाहिजे, मग तो कधीकधी उलटा महाग का? त्याचं असं आहे. नव्या विंडोजवाल्या मशीनवर अँटिव्हायरसचा महिनाभराचा नमुना असतो, कसलेकसले खेळ असतात, आणखी कचरा असतो. तो घालायचे पैसे त्या त्या कंपन्या कारखानदाराला देतात. मोठ्या कारखानदाराला विंडोज मुळात घाऊक भावानं पडते, वर हा कचऱ्याचा मलिदा. लिनक्सवाल्या मशीनवर मलिदा नाही. शिवाय वायफायपासून प्रिंटरपर्यंत सुटे भाग बनवणारे त्यांचे ड्रायव्हर आधी विंडोजसाठी लिहितात. डीटीपीवाल्यांच्या टेबलावर हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० घ्या. विंडोजवर सीडी घातली की चालतो, लिनक्सवर त्याला चालवताना भलेभले रडकुंडीला येतात. दुकानदार बिचारा ह्या साखळीतला शेवटचा. मशीनमागं त्याला सुटतं किती? एक फेरी उलटी आली की नफा गेला. त्याला शिव्या देऊन आपलं काही साधणार नाही.

आणि एक चोरवाट आहे, ती आपण सगळे जाणतो. 'डॉस'वाला लॅपटॉप. बिलावर फ्रीडॉस लिहिलेलं, दोन-तीन हजार कमी. ही फ्रीडॉस ओपन सोर्सच, पण काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, तिच्यावर आजचं कसलंच काम होत नाही. ती असते नावापुरती. दुकानातच पेनड्राइव्हनं चोरटी विंडोज आत जाते, शंभर-दोनशे हातावर ठेवले की काम फत्ते. आपल्याला वाटतं, बघ कसा फसवला मायक्रोसॉफ्टला! बिल गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना उघड म्हणून गेला की चोरायचंच असेल तर लोकांनी आमचंच चोरावं, त्यांना चटक लागेल, वसुलीचं आम्ही पुढं बघू. म्हणजे आपण ज्याला चोरी समजतो ती त्यांच्या हिशोबात पेरणी आहे. लिनक्सचा खरा वैरी विकतची विंडोज नाही, ही फुकटची विंडोज आहे. फुकटालाच फुकटानं मारलं.

वसुली कुठं होते? सरकारी खरेदीत, बँकेत, शाळेत, आणि एमएस-सीआयटीच्या वर्गात. आपल्या कितीतरी पोरापोरींनी तो कोर्स केलाय. करावाच लागतो, सरकारी नोकरीच्या अर्जाला संगणकाचं प्रमाणपत्र लागतं. गंमत अशी की त्यातल्या 'एमएस'चा अर्थ महाराष्ट्र स्टेट असा आहे, आणि वर्गातल्या निम्म्यांना तो मायक्रोसॉफ्ट वाटतो. चूक त्यांची नाही, शिकवतात तेच ते. विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. राज्य सरकारनं २००१ साली एमकेसीएल काढली, गावोगाव केंद्रं झाली, दलित-बहुजनांची पोरं पहिल्यांदा कीबोर्डला हात लावू शकली. हे मोठं काम झालं, मी नाकारत नाही. पण त्याच कामानं एका कंपनीला लाखो शिकाऊ गिऱ्हाइकं तयार करून दिली, फी आपल्या आईबापांनी भरली. संगणक शिकणं म्हणजे विंडोज शिकणं, हे समीकरण तिथं पक्कं झालं. मग दुकानदार दुसरं काय ठेवेल?

केरळनं दुसरी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळांत आयटी@स्कूल योजनेत पोरांना लिनक्सवर शिकवायला सुरुवात झाली. आधी शिक्षक तयार केले, मग पुस्तकं मल्याळममध्ये, परीक्षाही लिनक्सवर. २०१७ पासून काइट नावाची सरकारी कंपनी ते काम बघते, तिची स्वतःची लिनक्स आहे, शाळांना जाणारी मशीनं तीच घेऊन येतात. तमिळनाडूत २००७ च्या आसपास एल्कॉट ह्या सरकारी महामंडळात सी. उमाशंकर हे आयएएस अधिकारी होते, त्यांनी खरेदीत सुसे लिनक्स आणून दाखवली. हे उमाशंकर दलित. २०१० मध्ये जातीच्या दाखल्याचं कारण काढून त्यांना निलंबित केलं आणि बोंब झाल्यावर ते मागं घ्यावं लागलं. त्याचा लिनक्सशी संबंध जोडायला माझ्याकडं पुरावा नाही, मी जोडत नाही. पण आपला माणूस खरेदीच्या टेबलावर बसला की काय होऊ शकतं, आणि त्याच्या खुर्चीखाली कुठली सुरी ठेवलेली असते, दोन्ही ह्यात दिसतं.

कोल्हापुरात राहून आपल्याला हे कळू नये? गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं तेव्हा तेही खुलंच होतं. चहा चांगला होता, कप स्वच्छ होते. सवर्ण गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा पिऊ लागले, सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यायला लावलं, तेव्हा हॉटेल चाललं. चहाची चव बदलली नव्हती. गिऱ्हाईक बदललं होतं, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे राज्य होतं.

म्हणून आपली मागणी दुकानदाराकडं नको, राज्याकडं पाहिजे. केंद्र सरकारनं २०१५ साली धोरण काढलंय की सरकारी यंत्रणांनी ओपन सोर्सला पहिली पसंती द्यावी, डावलायचं तर कारण द्यावं. कागदावर हेही तळं खुलंच आहे! समाजकल्याणच्या वसतिगृहांत, निवासी शाळांत अनुसूचित जातींच्या नावानं आलेल्या निधीतून जी मशीनं घेतली जातात, त्यांच्या निविदा मागवून बघा. माहितीचा अधिकार आहे. मशीनचे किती, विंडोजचे किती, ऑफिसचे किती, वेगळं लिहून मागा. दुकानाच्या बिलात हे वेगळं दिसत नाही. फ्रान्समधल्या एका गिऱ्हाइकानं सोनीविरुद्ध हाच मुद्दा लढवला आणि २०१६ मध्ये युरोपच्या कोर्टानं सांगितलं की आतल्या सॉफ्टवेअरची किंमत वेगळी दाखवलीच पाहिजे असं नाही. पण सरकारी पैशाला तो नियम कशाला? तो आपला पैसा आहे.

घाई आहे, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ थांबवला. घरच्या गिऱ्हाइकाला वर फार तर एका वर्षाची सवलत. विंडोज ११ ला टीपीएमची नवी चिप लागते आणि साधारण २०१७ च्या आधीचे प्रोसेसर तिला चालत नाहीत. आपल्या वस्तीतल्या पोरांकडं कसली मशीनं आहेत? पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी टाकून दिलेली, सहाव्या-सातव्या पिढीची, दहा-बारा हजारांत घेतलेली. धडधाकट मशीनं एका तारखेनं भंगारात निघाली. त्यांच्यावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू सहज चालते. पण तिथंही कुलूप आहे. २०१२ पासून सिक्युअर बूट नावाचा पहारा मशीनमध्ये येतो, त्याच्या किल्ल्या मायक्रोसॉफ्टच्या. मोठ्या लिनक्सवाल्यांनी तिच्याकडूनच सही घेऊन वाट काढलीय. दाराचं कुलूप शेजाऱ्याच्या किल्लीनं उघडायचं, असा कारभार.

आता आपल्याच घरात बघू. सत्तरच्या दशकात आपली अनियतकालिकं सायक्लोस्टाइलवर निघायची. स्टेन्सिल आपली, शाई आपली, हाताला काळं लागायचं पण कुणाचं भाडं नव्हतं. पुढं डीटीपी आलं आणि मराठी श्रीलिपी, आकृती असल्या विकतच्या फाँटांत जाऊन बसली. ही सॉफ्टवेअरं विंडोजवरची. प्रत्येकाच्या अक्षरांचे आकडे वेगळे. एकाची फाइल दुसऱ्यात उघडली की कचरा दिसतो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तिला कुठलीही सिस्टीम चालते, लिनक्सवर इनस्क्रिप्टनं मराठी आरामात टाइप होते. तरी आपला छापखानेवाला म्हणतो, "श्रीलिपीत द्या." म्हणून डीटीपीचं मशीन विंडोजचंच लागतं, म्हणून ह्या अंकाची पानंही त्याच खिडकीतनं बाहेर पडतात. चळवळीचे तीस-तीस वर्षांचे जाहीरनामे, कविता, मोर्च्यांची पत्रकं पेजमेकरच्या फायलींत अडकून पडलीत, आणि पेजमेकर तर अडोबीनं कधीच मोडीत काढलं. ज्यांच्याकडं अशा फायली आहेत त्यांनी जुनं मशीन सुरू होतंय तोवर त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. जोडाक्षरं तुटतात, रफार उडतो, हातानं दुरुस्त करावं लागतं. चार जण बसलो तर एका रविवारी एक अंक होतो.